लेफ्ट बॅकची जागा

काम अडलं की आपण आधी काय करतो? खरं सांगा. नियम काय आहे ते विचारतो, की तिथे आपल्या ओळखीचं कोण बसलंय ते आठवतो? मुलाचा शाळाप्रवेश असो, इस्पितळातली खाट असो, नाहीतर नाट्यगृहातली पुढची खुर्ची असो, आपला हात आधी मोबाइलकडे जातो. दादरच्या टिपणिसांच्या घरात तर या विद्येला एक सोज्वळ नाव होतं: शब्द टाकणं. वशिला म्हटलं की कसं ओशाळवाणं वाटतं. शब्द टाकला म्हटलं की त्यालाच घरंदाजपणा येतो. टिपणिसांचे अप्पा महापालिकेत हेडक्लार्क होते. त्यांनी जन्मभर लोकांसाठी शब्द टाकले आणि लोकांनी त्यांच्यासाठी. अप्पा गेले, पण ओळखी मागे ठेवून गेले आणि त्यांचा मुलगा देवदत्त त्या ओळखी घरातल्या दागिन्यांसारख्या जपून होता.

देवदत्त फोर्टातल्या एका विमा कंपनीत अधिकारी होता. बायको मीनाक्षी गिरगावातल्या एका कॉलेजात शिकवायची. एकुलता मुलगा शंतनु नववीत होता आणि त्याचं सगळं विश्व शाळेच्या फुटबॉल संघात होतं. संघात म्हणजे अठरा जणांत. सुरुवातीच्या अकरांत मात्र त्याचं नाव अजून एकदाही आलं नव्हतं, आणि दुखणं तिथेच होतं.

एका शनिवारी संध्याकाळी शंतनु मैदानावरून आला आणि चिखलाचे बूट हातात घेऊन दारातच उभा राहिला.

"नाही घेतलं," तो म्हणाला.

"मग कोणाला घेतलं?" देवदत्तने विचारलं.

"उन्मेषला. लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावाला."

"तो करी रोडचा? अरे, त्याला तुझ्या निम्म्यानंही खेळता येत नाही! पायात बॉल आला की घाबरून लांब मारून टाकतो."

"पण तो परत येतो, बाबा. मॅडम म्हणाल्या, तू बॉल घेऊन वर जातोस तो तिथेच रमतोस. मागे सगळं रान मोकळं. उन्मेष वर जातो आणि धावत परत येतो." शंतनु बूट ठेवून आत आला. "परत यायला शिकलास तर तुझा विचार करीन म्हणाल्या. मी उद्यापासून सकाळी शिवाजी पार्कला धावायला जाणार आहे."

पोराच्या आवाजात राग नव्हता. रडूही नव्हतं. त्याला कुठे कमी पडतो ते कळलं होतं आणि ते भरून काढायचं त्याने ठरवलं होतं. शहाण्या बापाने अशा वेळी पोराच्या पाठीवर थाप मारून जेवायला बसावं. पण देवदत्तच्या डोक्यात भलतीच गोष्ट घुसली. "हे सगळं तिने सगळ्या मुलांसमोर सांगितलं?"

"त्या सगळ्यांना सगळ्यांसमोरच सांगतात."

आणि ते खरं होतं. कादंबरी मॅडमची ती पद्धतच होती. लालबागच्या या बाई एकेकाळी जिल्ह्याच्या संघातून खेळलेल्या. आता शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शिवाजी पार्कात क्रिकेटवाल्यांशी भांडभांडून त्यांनी आपल्या मुलांसाठी एक कोपरा मिळवला होता. संघ निवडायचा झाला की त्या मुलांना अर्धवर्तुळात उभं करत, अकरा नावं मोठ्याने घेत, आणि ज्याचं नाव आलं नाही त्याला त्याचं कारण तोंडावर सांगत. कारणाशिवाय कुणाला आत नाही आणि कारणाशिवाय कुणाला बाहेर नाही. मुलांना या पद्धतीचं काही वाटत नसे. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र दर शनिवारी आग लागे.

त्या शनिवारी देवदत्तनेही त्यात तेल ओतलं. "चौदा वर्षांच्या मुलांचा जाहीर अपमान करणं याला प्रशिक्षण म्हणायचं का?" असं त्याने लिहिलं. लगेच उन्मेषच्या आईचं, मानसीचं उत्तर आलं. "गेल्या वर्षी माझा मुलगा बाहेर होता तेव्हा तुम्हाला हा प्रश्न पडला नव्हता, टिपणीस." त्याखाली तीन जणांनी हसरे चेहरे टाकले. देवदत्त मनातून चांगलाच भडकला.

सोमवारी ऑफिसातून लवकर निघून तो थेट मैदानावर गेला.

"मॅडम, मी शंतनुचा बाबा. दोन मिनिटं बोलायचंय."

"पालकांनी दोरीच्या बाहेर," कादंबरी मॅडम मान न वळवता म्हणाल्या. त्यांचं लक्ष मुलांकडे होतं.

"निवडीचा निकष काय, एवढं कळलं तर बरं होईल."

"ज्याला कळायला हवा त्याला कळलाय. तो सकाळी धावायला येतो. तुम्हाला कशाला हवाय?"

"मी फी भरतो, म्हणून!"

"फी शिकवण्याची भरता. जागेची नाही."

"तुम्ही मुलाला चारचौघांत कमी लेखता आणि वर मलाच ऐकवता?"

आता मात्र त्या वळल्या. "मी कारण चारचौघांत सांगते, कारण कानात सांगितलं की लोकांना काळंबेरं दिसतं. उद्या शंतनु आत आला ना, तर तो का आला हेसुद्धा सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगणार. आता बाहेर व्हा. बॉल लागेल."

देवदत्त दोरीबाहेर आला तेव्हा दोन-चार पालक त्याच्याकडे बघत होते. मानसी त्यांच्यातच होती. तिच्या ओठांवरचं हसू त्याला घरी पोचेपर्यंत छळत राहिलं.

रात्रीच्या जेवणानंतर त्याने मोबाइल उचलला, तेव्हा मीनाक्षीने ओळखलं. "कुणाला लावतोयस?"

"मनमोहनकाकांना. शाळेच्या ट्रस्टवर आहेत. अप्पांचे मित्र. नुसता शब्द टाकतो."

"नको टाकूस. पोरगा पहाटे उठून धावतोय. त्याचं त्याला मिळवू दे."

"अगं, मिळवेलच तो! मी फक्त दार उघडून देतोय. आत गेल्यावर खेळायचंय त्यालाच ना?"

किती साळसूद वाक्य आहे पाहा! हे वाक्य आपण प्रत्येकाने कधी ना कधी म्हटलेलं आहे. दार उघडून देताना आत उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला आपण बाहेर ढकलतो, ते काही आपल्याला दिसत नाही.

मनमोहनकाका फोनवर मोठ्याने हसले. "एवढंच ना रे, देवा? अप्पांच्या नातवासाठी एवढंही करायचं नाही, तर आम्ही ट्रस्टवर बसून करायचं काय?"

काकांनी शब्द पाळला. कादंबरी मॅडमना बोलावून घेतलं आणि चहा पाजता पाजता सांगितलं की टिपणिसांच्या मुलाला पुढच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळवा. बाई नाही म्हणाल्या. तेव्हा काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, की शाळेत फुटबॉल चालू ठेवायचं की नाही याचाच ट्रस्ट सध्या विचार करतोय. अठरा मुलांचा खेळ एका बाजूला आणि एक जागा दुसऱ्या बाजूला! बाई उठल्या आणि निघून गेल्या.

सामना परळच्या मैदानावर होता. बाद फेरीचा, म्हणजे हरलं की त्या वर्षाचा खेळ संपला. ऑगस्टातल्या चिखलाने मैदानाचा मधला भाग काळा पडला होता. देवदत्त सुट्टी काढून आला होता. मीनाक्षीलाही त्याने आणलं होतं. का, ते तिला सांगितलं नव्हतं. नुसतं "आज येच" म्हणाला होता. दोरीमागे पालक उभे होते आणि दोरीच्या आत मुलं नेहमीसारखी अर्धवर्तुळात उभी होती.

कादंबरी मॅडमनी नावं घ्यायला सुरुवात केली. गोलकीपर, राइट बॅक, दोन सेंटर बॅक. मग त्या क्षणभर थांबल्या.

"लेफ्ट बॅक, शंतनु."

शंतनुचा चेहरा उजळला. नुसता उजळला नाही, पोराने डोळे मिटून घेतले. एवढ्या पहाटेच्या धावण्याचं फळ मिळालं असं त्याला वाटलं. देवदत्तने मीनाक्षीचा हात दाबला.

उन्मेषने हात वर केला. "मॅडम, माझं कारण?"

"तुझं काही चुकलेलं नाही, उन्मेष. कारण माझ्याकडे नाही. ते ट्रस्टच्या ऑफिसातून आलंय," कादंबरी मॅडम म्हणाल्या, आणि पुढची नावं घेऊ लागल्या.

मग बाकीच्या सतराच्या सतरा पोरांच्या माना शंतनुकडे वळल्या. शंतनुने दोरीपलीकडे बापाकडे पाहिलं. देवदत्तने नजर दुसरीकडे वळवली, आणि पोराला सगळं कळलं. मीनाक्षीने आपला हात सोडवून घेतला.

"वा, टिपणीस!" मानसीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "लाज नाही वाटत? माझा मुलगा दहावीत आहे. त्याचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. क्लास बुडवून, माझ्या शिव्या खाऊन येतो तो इथे!"

"आवाज कमी करा. शाळेचा निर्णय आहे."

"शाळेचा? की तुमच्या मोबाइलचा?"

"तोंड सांभाळून बोला!"

"नाही सांभाळत! काय कराल? मलाही काढायला लावाल ट्रस्टला सांगून?"

तेवढ्यात पंचांनी शिट्टी मारली.

शंतनुला त्याच वेळी बाहेर पडता आलं असतं, असं तुम्ही म्हणाल. पण चौदा वर्षांचं पोर ते. त्याला वाटलं, आपण खेळून दाखवू, मग सगळे गप्प बसतील. तो जीव तोडून धावू लागला. डावीकडे मोकळा होऊन हात वर करायचा, ओरडून बॉल मागायचा. बॉल येत नव्हता. देवदत्तला आधी तो योगायोग वाटला. मग त्याने पाहिलं, गोलकीपरच्या हातात बॉल होता, शंतनु समोर एकटा उभा होता, जवळपास समोरच्या संघाचं कुणीही नव्हतं. गोलकीपरने त्याच्याकडे नीट बघितलं आणि बॉल उजवीकडे फेकला. तिथे दोघं जण अंगावर आले आणि बॉल गेला. तरी पुढच्या वेळी त्याने बॉल उजवीकडेच फेकला.

"ए, दे ना इकडे!" शंतनु ओरडला.

कॅप्टन त्याच्या जवळून धावत गेला. दोरीपाशी उभ्या असलेल्या देवदत्तला त्याचे शब्द स्वच्छ ऐकू आले. "जागा पप्पांनी सेट करून दिली ना? बॉलपण त्यांच्याकडूनच माग."

देवदत्तच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. त्या मुलाला गप्प करावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बोलणार काय? त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं!

पुढे व्हायचं तेच झालं. बॉल मिळत नाही म्हणून शंतनु स्वतःच बॉलच्या मागे लागला, वर गेला, आणखी वर गेला, आणि परत आला नाही. समोरच्या संघाने डावीकडचं मोकळं रान पाहिलं आणि तिथूनच येऊन गोल केला. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आपली मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आली. शंतनु त्यांच्या बराच मागून, एकटा आला.

तो सरळ कादंबरी मॅडमसमोर उभा राहिला. "मॅडम, मला बाहेर काढा."

"मी नाही काढू शकत."

"प्लीज, मॅडम."

"तुला आत मी घातलं नाही, शंतनु. बाहेर काढायचा अधिकार माझ्याकडे कुठून असेल?" आणि त्या दोरीकडे वळल्या. त्यांनी आवाज मुळीच चढवला नाही. "टिपणीस, या आत. आज दोरी तुमच्यासाठी नाही. संघ तुम्ही निवडलाय, बदलीही तुम्हीच सांगा."

सगळे पालक बघत होते. सगळी मुलं बघत होती. देवदत्त तिथेच खिळून उभा राहिला. त्याने मीनाक्षीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. फोन करायला नाही लाजलास."

तो दोरीखालून वाकून आत गेला. चिखलात त्याचे ऑफिसचे बूट रुतले. शंतनु मान खाली घालून उभा होता. आयुष्यात देवदत्त टिपणीसने कुठल्या कुठल्या कामासाठी शब्द टाकले होते! पण आजचा शब्द त्याला चारचौघांत टाकावा लागला.

"शंतनुला बाहेर घ्या. उन्मेषला आत पाठवा."

"कारण?" कादंबरी मॅडमनी विचारलं. "आमच्याकडे कारण सांगायची पद्धत आहे. मोठ्याने."

"कारण... जागा उन्मेषची होती. मी ट्रस्टला फोन केला. शंतनुला यातलं काही माहीत नव्हतं."

कुणी शाबास म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. उन्मेष अंगातला वरचा टी-शर्ट काढून आत पळाला आणि उरलेला वेळ तो वर गेला तितक्या वेळा परत आला. पण झालेला गोल काही फिटला नाही. संघ एका गोलने हरला. सामना संपल्यावर उन्मेष मैदानाच्या मधोमध बसकण मारून रडत होता आणि मानसी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती. देवदत्त तिच्याजवळ गेला, तर ती म्हणाली, "जा हो तुम्ही. माझ्याशी बोलू नका."

घरी आल्यावर शंतनुने खोलीचं दार लावून घेतलं. देवदत्त दाराबाहेर घुटमळला, मग स्वयंपाकघरात येऊन बसला. "त्या बाईने मुद्दाम केलं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर माझी शोभा केली."

"तिने फक्त खरं सांगितलं. शोभा तू केलीस, ती पोराचीही," मीनाक्षी म्हणाली.

"मी त्याचं वाईट चिंतलं का? अप्पांनी माझ्यासाठी हेच केलं ना? त्यांनी शब्द टाकला म्हणून आज ही नोकरी आहे."

"आणि त्या नोकरीत तुला एक दिवस तरी सुखाचा गेलाय का? अजून ऑफिसात कुणी हसलं की तुला वाटतं, आपल्यालाच हसले. बढती मिळाली तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं? म्हणालास, ही नक्की माझी आहे ना गं? तू हुशार आहेस रे, देवदत्त. तुला ती नोकरी शब्दाशिवायही मिळाली असती. पण आता ते तुला कधीच कळणार नाही. अप्पांनी तुला नोकरी दिली आणि हे कळण्याची सोय काढून घेतली. आज तेच तू त्या पोराला दिलंस."

इतक्या वर्षांत जी गोष्ट देवदत्तने स्वतःशीही कबूल केली नव्हती, ती बायकोने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगून टाकली होती!

दुसऱ्या दिवशी तो मनमोहनकाकांकडे गेला आणि यापुढे संघात ट्रस्टने लक्ष घालू नये, अशी त्याने विनंती केली. काका चिडले. "तुझ्यासाठी मी वाईटपणा घेतला आणि आता तूच शहाणपणा शिकवतोस? अप्पा असते तर असं बोलला नसतास." "अप्पा असते तर त्यांनाही हेच सांगितलं असतं," देवदत्त म्हणाला. त्या दिवसापासून काकांनी त्याचा फोन घेणं बंद केलं. मग पालकसभेत उभं राहून त्याने झालेला प्रकार सगळा सांगितला आणि शाळेत फुटबॉल चालूच राहिलं पाहिजे अशी मागणी केली. "पकडले गेलात म्हणून आता साधू झालात," असं मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. पण मागणीवर सह्या करताना मानसीने सर्वांत आधी सही केली. त्याच्याकडे न बघता केली, पण केली. कादंबरी मॅडमना तो भेटायला गेला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची माफी तुमच्याकडे ठेवा. मुलाला मैदानावर पाठवा."

पण शंतनु जाईना. त्याने बूट माळ्यावर टाकून दिले होते. अखेर एका संध्याकाळी उन्मेष घरी आला. देवदत्तला त्याने साधा नमस्कारही केला नाही. आत जाऊन शंतनुला म्हणाला, "चल ना यार. वर कधी जायचं नाही ते मी शिकवतो, बॉल कसा थांबवायचा ते तू शिकव." दहावीचा अभ्यास सांभाळून तो पोरगा वर्षभर आठवड्यातून एकदा येत राहिला. ज्याचं नुकसान झालं होतं त्यानेच हात पुढे केला. मोठ्यांना जे जमलं नाही ते पोरांनी केलं.

शाळेतलं फुटबॉल टिकलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोसम आला. एका शनिवारी संध्याकाळी देवदत्त पेपर वाचत असताना शंतनु दारात येऊन उभा राहिला. अंगभर चिखल, धाप लागलेली.

"लेफ्ट बॅक. सुरुवातीपासून," तो म्हणाला. "मॅडमनी कारण सांगितलं. म्हणाल्या, हा परत येतो."

देवदत्त पेपर टाकून उठला. त्याला पोराला कवेत घ्यायचं होतं. पण शंतनु एक पाऊल मागे सरकला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो बापाच्या डोळ्यांत काहीतरी शोधत होता.

"बाबा, तू फोन नाही ना केलास?"

"नाही रे!"

"आईची शपथ घे."

देवदत्तने शपथ घेतली. शंतनु "बरं" म्हणून अंघोळीला गेला. आपलं त्याला पटलं की नाही, हे देवदत्तला समजलं नाही. त्याने ते विचारलंही नाही, कारण विचारण्याचा हक्क आपण कधी गमावला ते त्याला चांगलं आठवत होतं.

मंडळी, उद्या तुमच्याही घरात कुणाचं तरी काम अडेल आणि तुमचाही हात मोबाइलकडे जाईल. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. आपण शब्द टाकतो तेव्हा दुसऱ्याच्या मुलाची जागा तर जातेच, पण आपल्या मुलाचा स्वतःच्या यशावरचा विश्वासही जातो, आणि तो परत आणून देईल असा ओळखीचा माणूस कुठल्याही कार्यालयात बसलेला नाही.